यादीतून आधी काय खोडलंत?

"ताई, आमच्या घरात पाच माणसं: मी, माझे पती, तेरा आणि आठ वर्षांची दोन मुलं आणि सासूबाई. सहा महिन्यांपूर्वी माझ्या कामाचे तास कमी झाले, तशी मिळकतही घटली. वाणसामान, भाजी, दूध मिळून खर्च आता मिळकतीच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शावर गेलाय. पूर्वी तो चौथ्या हिश्शाच्या आत असायचा. मी वहीत दोन रकाने आखले, एक गरजेचा, एक हौसेचा, आणि हौसेचं सगळं बंद केलं. पहिल्या महिन्यात बरेच पैसे वाचले. दुसऱ्या महिन्यात खर्च पुन्हा होता तिथे आला. मोठा मुलगा म्हणतो, घरात खायला काहीच नसतं. हे दूध आणायला जातात आणि दोन पिशव्या भरून येतात. सासूबाईंना मधुमेह आहे. त्यांची बिनसाखरेची बिस्किटं बंद केल्यापासून त्या काही मागतच नाहीत. एरवी मी होईल तिथे मोठे पुडेच आणते, स्वस्त पडतात म्हणून. वहीची पानं सोबत पाठवतेय. गरज कुठली आणि हौस कुठली हे ठरवायचं कसं? आणि घरासाठीच करतेय, तरी सगळ्यांच्या नजरेत मीच वाईट का? आठवड्यातले तीन दिवस तर मी रात्री आठला घरी पोचते."

तुमच्या वहीची पानं मी पत्राच्याही आधी वाचली. हौसेच्या रकान्यात तेरा ओळी आहेत. पहिली ओळ 'माझी कॉफी'. दुसरी 'फळं, मला'. मुलांचा खाऊ पाचव्या ओळीपासून सुरू होतो. तुमच्या पतींची एकच वस्तू आहे आणि ती अगदी तळाशी. म्हणजे पेन हातात आल्यावर तुम्ही सगळ्यात आधी स्वतःला खोडलंत. पत्रात याबद्दल एक शब्द नाही, कदाचित तुमच्या ते लक्षातही आलं नसेल. मला मात्र तुमच्या दोन्ही प्रश्नांची मुळं तिथेच दिसतात.

त्याआधी तुमच्या मनावरचं एक ओझं उतरवू द्या. खर्च तिसऱ्या हिश्शावर गेला हे तुम्ही गुन्हा कबूल करावा तसं लिहिलंय. अर्न्स्ट एंगेल नावाच्या जर्मन संख्याशास्त्रज्ञानं १८५७ मध्ये कुटुंबांचे खर्चाचे हिशेब तपासून दाखवलं की मिळकत जितकी कमी, तितका तिचा मोठा हिस्सा अन्नावर जातो. नंतर देशोदेशी हेच दिसत आलंय. कारण उघड आहे. पगार घटला म्हणून पोट लहान होत नाही. तुमचे तास कमी झाले, पानावरची माणसं पाचच राहिली, त्यामुळे तुम्ही एक दाणा जास्त आणला नसतात तरी हिस्सा वाढलाच असता. आणि त्यात घरात एक तेरा वर्षांचा मुलगा आहे, जो दर महिन्याला आधीपेक्षा जास्त खाणार आहे आणि खायलाच हवा. तेव्हा उधळपट्टीमुळे हे झालं असं समजू नका. वाचवायला जागा आहे, ती शोधू, पण अपराधी वाटून घेऊन शोधायला नको.

आता तुमचे दोन रकाने. ते फसले याचं कारण, तुम्ही वस्तू वाटल्यात. साखर गरजेत, बिस्किटं हौसेत. दूध गरजेत, कॉफी हौसेत. पण एकच वस्तू काही प्रमाणापर्यंत गरज असते आणि त्यापुढे हौस. साखरेचंच बघा. जागतिक आरोग्य संघटनेचं सांगणं आहे की वरून घातलेली साखर, आणि त्यात मध आणि फळांचा रससुद्धा आला, दिवसभराच्या उष्मांकाच्या १० टक्क्यांच्या आत असावी. मोठ्या माणसाला ती साधारण ५० ग्रॅम होते, बिस्किटांतली आणि गोड पेयांतली धरून. तुमच्या वहीत महिन्याची साखर जेवढी लिहिली आहे ती पाच माणसांत आणि तीस दिवसांत वाटून बघा. त्यातल्या एका माणसाला मधुमेह आहे. गरजेच्या रकान्यातला तो आकडा बराच हौसेचा निघेल असं मला वाटतं. तेलाचं आणि मिठाचंही असंच करून बघा.

प्रमाणासारखंच रूपाचंही आहे. बटाटा गरज आहे, त्याच बटाट्याचे पाकिटातले वेफर्स नाहीत. दूध गरज आहे, त्यात रंग आणि वास घालून बाटलीत भरलेलं दूध नाही. इथे आपण मालापेक्षा पाकिटाचे आणि तयार करून देण्याचे पैसे जास्त मोजतो. पण हा नियम डोळे मिटून लावू नका, कारण वेळ बघावी लागते. तुम्ही हौसेत 'चिरलेली भाजी' लिहिली आहे. पत्राच्या शेवटी, अगदी सहज, तुम्ही हेही लिहिलंय की आठवड्यातले तीन दिवस तुम्ही रात्री आठला घरी पोचता. त्या तीन दिवशी चिरलेली भाजी घरात नसेल तर काय होतं? बाहेरून जेवण मागवलं जातं, आणि त्या एका जेवणात महिन्याभराच्या चिरलेल्या भाजीचे पैसे जातात. तुमचं दमणं हे खरं आहे आणि हिशेबात ते धरायला हवं. तीन दिवसांची चिरलेली भाजी गरजेत घ्या, उरलेल्या चार दिवसांची खुशाल खोडा.

मग ठरवायचं कसं? मी एकच प्रश्न विचारते: ही वस्तू संपली आणि आठवडाभर आणली नाही, तर काय होईल? कुणाचं काही अडेल, कुणी उपाशी राहील, कुणाची तब्येत बिघडेल, तर ती गरज. अडणार काही नाही, पण कुणीतरी आठवण काढेल, दोनदा डबा उघडून बघेल, तर ती हौस, आणि हौसेत वाईट काहीच नाही. तिसरी शक्यता अशी की कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्या वस्तू ना गरजेच्या, ना हौसेच्या. त्या निव्वळ सवयीनं येतात. यादी मागच्या महिन्यावरून उतरवली म्हणून येतात, एकदा कुणाला तरी आवडलं होतं म्हणून येतात, सवलत होती म्हणून येतात. तुमच्या वहीत या तिसऱ्या प्रकाराला जागाच नव्हती. त्यामुळे कुणाला तरी आवडणाऱ्या वस्तू कापल्या गेल्या आणि कुणालाच नको असलेल्या चालू राहिल्या. दुसऱ्या महिन्यात खर्च मूळपदावर आला तो यामुळेच असणार. आवडीचं घरात मिळेना, म्हणून मुलगा आणि त्याचे बाबा ते बाहेरून, महागात आणू लागले.

या सवयीच्या वस्तू सापडतात दोन ठिकाणी, फडताळाच्या मागच्या रांगेत आणि कचऱ्याच्या डब्यात. फडताळ एका दुपारी रिकामं करून होईल. डब्याला दोन आठवडे लागतील. स्वयंपाकघरातल्या डब्याशेजारी एक कागद चिकटवा आणि जे खाण्याजोगं असून टाकलं जातं ते लिहा: काय टाकलं, साधारण किती, आणि का. उरलं, विसरलं, बुरशी आली, कुणी खाल्लं नाही, एवढंच. कुणी टाकलं ते लिहू नका, नाहीतर लोक चोरून टाकतील. संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाच्या अंदाजानं २०२२ या एका वर्षात जगातल्या घरांमधून माणशी सरासरी ७९ किलो अन्न वाया गेलं. त्यात सालं, हाडं असा न खाण्याजोगा भागही धरलेला आहे. पण पाच माणसांच्या घराला तो हिशेब लावला तर रोज किलोभराच्या थोडा वर जातो. तुमच्या घरात तेवढं जात असेल असं मी म्हणत नाही. पण तुमच्या यादीत आठवड्याला चार जुड्या पालेभाजी आहे, ठळक अक्षरात, गरजेच्या रकान्यात. दोन आठवड्यांनी त्या कागदावर पालेभाजी तीनदा दिसली, तर तुमच्या घराची गरज दोन जुड्यांची आहे. बाकीच्या दोन आपण आणायला हव्यात असं वाटून आणलेल्या होत्या. पौष्टिक वस्तूंच्या बाबतीत हे फार होतं. चांगल्या हेतूनं आणलेली भाजी टाकताना जीव तुटतो, म्हणून ती शेवटपर्यंत फ्रीजमध्ये राहते आणि मग टाकावीच लागते.

तारखांमुळेही पुष्कळ अन्न विनाकारण जातं. पाकिटावर 'या तारखेपर्यंत वापरा' असं असेल तर ती सुरक्षिततेची बाब आहे, ती पाळायची. 'या तारखेपूर्वी उत्तम' असं असेल तर ती चवीची आणि कुरकुरीतपणाची हमी असते. कोरडा माल नीट मिटून ठेवलेला असला तर त्यानंतरही बऱ्याचदा चांगला असतो. फ्रीज ५ अंशांच्या आत थंड राहतोय ना, तेही एकदा तपासा. दुधाचं आणि उरलेल्या जेवणाचं आयुष्य त्यावर ठरतं.

आता दूध आणायला जाऊन दोन पिशव्या भरून येणारे तुमचे पती. त्यांच्यावर रागावू नका. दुकान तसंच मांडलेलं असतं. पूर्वी गिऱ्हाईक गल्ल्यासमोर उभं राहायचं, यादी वाचायचं आणि दुकानदार तेवढंच तोलून द्यायचा. १९१६ मध्ये अमेरिकेतल्या मेम्फिस शहरात क्लॅरेन्स साँडर्स यांनी असं दुकान उघडलं जिथे गिऱ्हाईकानं स्वतः आत फिरून माल उचलायचा. तेव्हापासून यादीत नसलेल्या वस्तूही डोळ्यांसमोर यायला लागल्या. हातातली टोपली जड झाली की खरेदी थांबायची, तर १९३७ मध्ये ओक्लाहोमा सिटीतले दुकानदार सिल्व्हन गोल्डमन यांनी चाकांची गाडी आणली. गाडीत वजन कळत नाही. रोज लागणारं दूध बऱ्याच दुकानांत आतल्या टोकाला असतं आणि तिथवर जाता-येता सगळी खाऊची फळी ओलांडावी लागते. म्हणून आठवड्यामधल्या फेरीसाठी मी एकच नियम सुचवते: गाडी घ्यायची नाही, पिशवी हातात धरायची, आणि जेवून मग जायचं. याला मनाचा निग्रह फारसा लागत नाही. हात दुखतो, आपोआप थांबायला होतं.

मोठ्या पुड्यांबद्दल तुम्ही अभिमानानं लिहिलंय, तर एक हिशेब बघा. समजा, किलोचा पुडा दर ग्रॅमला १० टक्के स्वस्त पडला, पण त्यातला १५० ग्रॅम माल किडला किंवा मऊ पडला आणि टाकला. तर खाल्लेला प्रत्येक ग्रॅम छोट्या पुड्यापेक्षा सुमारे ६ टक्के महाग पडला. धान्य, डाळी, मीठ मोठ्या पुड्यात घ्या, ते टिकतं आणि संपतं. बिस्किटं, सुकामेवा आणि मसाले छोट्यात घ्या. खाऊच्या मोठ्या पुड्याचा आणखी एक तोटा आहे. पुडा मोठा दिसला की मूठही मोठी भरली जाते. आणि किंमत बघताना शेजारी निव्वळ वजनही वाचत चला. किंमत तीच, पाकीटही तेवढंच, आणि आतला माल मात्र कमी, असं आता पुष्कळदा होतं. १०० ग्रॅमला किती पडतं, हा एकच आकडा दोन पाकिटांमध्ये खरी तुलना करू देतो.

सासूबाईंकडे येते, कारण ते मला सगळ्यात तातडीचं वाटतं. मधुमेहाच्या काही गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्या माणसानं मधलं खाणं चुकवलं तर रक्तातली साखर एकदम खाली जाऊ शकते. त्या कोणती औषधं घेतात आणि दोन जेवणांच्या मध्ये काही खायला सांगितलंय का, हे या आठवड्यातच डॉक्टरांना विचारा. सांगितलं असेल तर मधलं खाणं ही त्यांची गरज आहे आणि ती तुमच्या यादीत सगळ्यात वर हवी. मात्र ती भागवायला बिस्किटंच लागतात असं नाही. बिनसाखरेच्या बिस्किटात मैदा आणि तूप-तेल असतंच, आणि मैद्यानंही साखर वाढते. डॉक्टरांना विचारून मूठभर दाणे, एखादं फळ, वाटीभर दही असं काही ठरलं तर तब्येतीलाही बरं आणि खर्चालाही. पण हे त्यांच्याशी बोलून ठरवा. ज्या माणसानं मागणंच सोडलंय त्याच्यासमोर परस्पर दुसरी वाटी ठेवली, तर त्यांच्याबद्दलचा निर्णय पुन्हा त्यांना न विचारता झाला असं होईल.

मुलगा 'खायला काही नाही' म्हणतो, तेव्हा त्याला म्हणायचं असतं की शाळेतून आल्याबरोबर हातात घेऊन खाता येईल असं काही नाही. डाळ-तांदूळ भरलेले डबे त्याच्या काय उपयोगाचे? त्याची गरज खरी आहे, भूकही खरी आहे. फ्रीजमधला एक कप्पा त्याच्या नावानं ठेवा आणि त्यात धुतलेली फळं, उकडलेली अंडी, उकडलेले बटाटे असं काही तयार असू द्या. पाकिटं आपोआप निम्म्यावर येतील. सगळी बंद होणार नाहीत, आणि व्हायलाही नकोत.

कारण हौस शून्यावर आणलेलं घर मी टिकलेलं पाहिलेलं नाही. आमच्या घरी एक वर्ष असंच ओढाताणीचं गेलं होतं. मीही तुमच्यासारखंच सगळं छाटलं. तिसऱ्या आठवड्यात घरातला प्रत्येक जण एकमेकांपासून लपवून काहीतरी खात होता, आणि मला वाईट वाटलं ते पैशांपेक्षा त्या लपवण्याचं. नंतर आम्ही वाणसामानाच्या पैशांतला दहावा हिस्सा आधीच बाजूला काढायला लागलो आणि तो माणशी सारखा वाटायला लागलो. ज्यानं त्यानं त्यातून हवं ते घ्यावं, कुणी कुणाला 'हे कशाला आणलं' म्हणायचं नाही. धाकटीनं पहिल्या महिन्यात सगळे पैसे एका चॉकलेटच्या डब्यावर घालवले. दुसऱ्या महिन्यात ती फळीसमोर उभी राहून किमती वाचत होती, सात वर्षांची. तुमच्याकडे दहावा हिस्सा जड जात असेल तर विसावा ठेवा, पण ठेवा, आणि सगळ्यांना सारखा ठेवा.

वहीला आणखी एक जागा लागेल. जपानमध्ये हानी मोतोको या पत्रकार स्त्रीनं १९०४ मध्ये घरखर्चाची छापील वही काढली. आज त्या पद्धतीनं हिशेब लिहिणारे गरज आणि हौस यांच्या शेजारी अनपेक्षित खर्चाचाही रकाना ठेवतात. पाहुणे आले, कुणी आजारी पडलं, गॅस मध्येच संपला, असं काही झालं की तुमचा महिन्याचा हिशेब कोसळतो आणि तुम्हाला वाटतं आपण हरलो. तो रकाना असला की एवढं वाटणार नाही.

राहिला तुमचा दुसरा प्रश्न, मीच वाईट का. कारण पेन एकट्या तुमच्या हातात आहे. कुणाची वस्तू गरज आणि कुणाची हौस, हा निवाडा एकाच माणसानं दिला की बाकीचे आरोपी होतात, मग तो निवाडा कितीही बरोबर असो. तुम्ही स्वतःचं नाव सगळ्यात वर खोडलंत, पण ते कुणाला दिसलंच नाही. घरच्यांना फक्त त्यांच्या बंद झालेल्या वस्तू दिसल्या. जागतिक आरोग्य संघटना माणशी रोज किमान ४०० ग्रॅम फळं आणि भाज्या सांगते. हा आकडा घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसासाठी आहे, तुमच्यासाठीही. 'फळं, मला' ही ओळ गरजेच्या रकान्यात हलवा, आजच. जी बाई रात्री आठला येऊन पाच माणसांचं रांधते तिनं फळ सोडून वाचवलेल्या पैशांत मला बचत दिसत नाही.

मग येत्या सुट्टीच्या दिवशी सगळ्यांना बसवा, सासूबाईंनाही. या महिन्यात वाणसामानाला किती पैसे आहेत तो आकडा मुलांसमोर सांगा. तेरा वर्षांच्या मुलाला तो झेपतो. उलट आजवर न सांगितल्यामुळे त्याला वाटतंय की आई उगाच नाही म्हणते. आधीची पानं फाडू नका, तीच मध्ये ठेवा, तेरा ओळींची. प्रत्येक ओळीला तो आठवडाभराचा प्रश्न विचारायचा आणि उत्तर ज्याची वस्तू त्यानं द्यायचं. पेन मोठ्या मुलाकडे द्या आणि पहिल्याच ओळीवर त्याला विचारा की आईची कॉफी कुठल्या रकान्यात लिहायची.